जुनी रोड सायकल ताठ बसून चालवण्याजोगी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: सत्तर-ऐंशीच्या दशकातली पोलादी रोड सायकल आहे. हँडल खाली वळलेलं, चाकं २७ इंची, मागे पाच चक्रांचं फ्रीव्हील आणि गिअरचे खटके खालच्या तिरक्या नळीवर. पाठ न वाकवता, आरामात बसून गावातल्या गावात चालवायची आहे. काय बदलावं, काय ठेवावं आणि एका बदलामागे आणखी काय काय बदलावं लागतं?

बहुतेकजण सुरुवात नवं हँडल विकत घेण्यापासून करतात आणि तिथेच गणित चुकतं. हँडल हा या कामातला शेवटून दुसरा निर्णय आहे. पहिला निर्णय बसण्याचा. रोड फ्रेमची सीटची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांत उभी असते, आरामशीर क्रूझरची ६८ ते ७० अंशांत. बॉटम ब्रॅकेटपासून (पायडलचे क्रँक ज्या धुरीवर फिरतात तिथपासून) सीटच्या नळीच्या रेषेत ७० से.मी.वर सीट धरली, तर ७३ अंशांत ती बॉटम ब्रॅकेटच्या साधारण २०.५ से.मी. मागे येते आणि ६९ अंशांत २५ से.मी. मागे. हा साडेचार से.मी.चा फरकच सगळ्या कामाचं मूळ आहे. फ्रेमचा कोन काही बदलता येत नाही, म्हणून सीट जितकी मागे नेता येईल तितकी न्यायची आणि राहिलेली उणीव थोडं पुढे झुकून भरून काढायची. रोड फ्रेमवर पाठ अगदी काठीसारखी सरळ ठेवण्याचा हट्ट करू नका. धड जमिनीशी ६० ते ७० अंशांत राहिलं, तर सायकल आरामशीरही होते आणि हातात नीटही राहते. त्याहून ताठ बसलात तर जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं पडतं आणि चढावर हँडल इकडेतिकडे भरकटायला लागतं.

खर्च करण्याआधी फ्रेम तपासा. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवा. रंग सुरकुतलेला असेल किंवा बोटाला बारीक उंचवटा लागत असेल, तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. त्या फ्रेमवर पैसे घालू नका. मग मागच्या ड्रॉपआउटपासून (चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचेपासून) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत सुतळी ताणून बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजा. फरक एक-दोन मि.मी. असेल तर चालतं, चारच्या पुढे असेल तर मागचा भाग वाकडा आहे. पोलादी फ्रेममध्ये हे सरळ करता येतं, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये तो प्रयत्न करायचा नाही.

दुसरी तपासणी सीटपोस्ट (सीटचा दांडा) आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) हलतात का, याची. पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. स्टेमचा वरचा बोल्ट पूर्ण काढू नका. तीन-चार फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवा आणि हातोड्याचा एक ठोका द्या; आतली पाचर खाली सुटते आणि स्टेम फिरायला लागतो. सीटपोस्ट अडकला असेल तर आधी गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. तेवढ्याने भागलं नाही तर अमोनिया वापरा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड अमोनियाने सुटतो, नुसत्या तेलाने फारसा सुटत नाही. हे काम उघड्या जागेत, हातमोजे घालून करायचं. तरीही हलला नाही तर पोस्ट कापून, उरलेला तुकडा आतून करवतीच्या पात्याने चिरून काढावा लागतो. ते कष्टाचं काम आहे, म्हणून इतर काहीही विकत घेण्याआधी याचा निकाल लावा.

सुट्या भागांची मापं मात्र अंदाजाने घेऊ नका, व्हर्नियर लावा. जुन्या सायकलींत माप देशागणिक बदलतं. स्टेमचा दांडा सहसा २२.२ मि.मी., फ्रेंच सायकलींत २२.०. २२.२ चा स्टेम पॉलिश पेपरने घासून २२.० करता येतो, पण हातोड्याने ठोकून बसवायचा नाही. सीटपोस्ट ०.२ मि.मी.च्या टप्प्यांनी बदलतो: २६.२, २६.४, २६.६, असं करत २७.२ पर्यंत, आणि साध्या जाड नळ्यांच्या फ्रेममध्ये २५.४. पोस्ट ०.२ ने बारीक निघाला तर क्लॅम्प आवळूनही तो हळूहळू खाली सरकतो आणि फ्रेमचे कान वाकतात. बॉटम ब्रॅकेट इंग्लिश असेल तर उजव्या कपाला उलटे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. इटालियन आणि फ्रेंच प्रकारात दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात. कोणता प्रकार आहे ते कळण्याआधी मोठा पाना लावून जोर करू नका. उजवा कप आतून गुळगुळीत असेल तर तो काढायची गरजच नाही. तिथेच पुसून ग्रीस भरा.

आता सीट. जुन्या सायकलींत बहुधा साधा सरळ दांडा आणि वर आवळायचा वेगळा क्लॅम्प असतो. तो क्लॅम्प उलटा करून दांड्याच्या मागच्या बाजूला आणला की दीड-दोन से.मी. फुकटात मिळतात. मागे झुकाव असलेला सीटपोस्ट घेतला तर आणखी २ ते २.५ से.मी. सीटच्या खालच्या तारांवर मागे सरकवायला जागा असेल तर तीही वापरा. सीट मागे गेली की पायडलपासूनचं अंतर वाढतं, म्हणून उंची साधारण १ से.मी.ने कमी करा. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय सरळ होईल, इतकी उंची सुरुवातीला बरोबर.

रोड सायकलची अरुंद सीट ताठ बसण्यासाठी बनलेलीच नसते. पुढे झुकलेल्या माणसाचं काही वजन हातांवर आणि पायांवर असतं. ताठ बसल्यावर ते कुल्ल्यांच्या हाडांवर येतं आणि कमरेचा कोन बदलल्यामुळे सीटच्या मागच्या, रुंद भागावर येतं. त्यामुळे १९ ते २१ से.मी. रुंद, खाली स्प्रिंग असलेली सीट घ्या. जाड, लुसलुशीत जेल असलेली सीट दुकानात दाबून बघायला छान वाटते, पण अर्ध्या तासात हाडं त्यात रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन नको तिथे दाब देतो. चामड्याची ताणलेली सीट, ब्रुक्सची बी ६७ त्यातलीच, सुरुवातीला कडक लागते, पण ताठ बैठकीसाठी अशाच रुंद आणि स्प्रिंगच्या सीटचा घाट योग्य आहे. अशा सीटचं नाक किंचित वर ठेवा. खाली झुकवलंत तर माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळा भार मनगटांवर येतो.

सीट जागेवर आली की मगच हँडलकडे वळायचं. कोणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर बसा, डोळे मिटा आणि हात हवेत जिथे आपोआप सुखाने स्थिरावतील तिथे ठेवा, कोपरं किंचित वाकलेली. आता दुसऱ्याने दोन मापं घ्यायची: हँडलच्या उभ्या दांड्याच्या मध्यापासून तळहात पुढे किंवा मागे किती, आणि सीटच्या पातळीपेक्षा वर किती. हे दोन आकडे हातात असले की दुकानातलं कोणतंही हँडल जमेल की नाही, ते टेपने मोजून सांगता येतं.

मागे वळलेल्या हँडलांत जुना आणि भरवशाचा आकार नॉर्थ रोडचा. रुंदी ५५ से.मी.च्या आसपास, आणि मुठी क्लॅम्पच्या साधारण १५ से.मी. मागे येतात. इथे एक हिशेब नीट करा. १० से.मी.च्या स्टेमवर रोड हँडलच्या ब्रेकच्या टोप्यांवर हात ठेवले, तर तळहात उभ्या दांड्याच्या साधारण २० से.मी. पुढे असतात. त्याच स्टेमवर नॉर्थ रोड लावलं की मुठी दांड्याच्या ५ से.मी. मागे येतात. म्हणजे स्टेम न बदलताच हात २५ से.मी. मागे आले! तरीही 'ताठ बसायचं आहे' म्हणून अनेकजण स्टेम आखूड करतात, ४-५ से.मी.चा. मग पूर्ण वळण घेताना मूठ गुडघ्यावर आदळते, उभं राहून पायडल मारायला जागाच उरत नाही आणि हँडल बोटभर हललं तरी चाक झपकन वळतं. स्टेमची लांबी ८ ते १० से.मी. राहू द्या, फक्त उंची वाढवा. बसून एक पायडल वर आणा, हँडल त्याच बाजूला पूर्ण वळवा. गुडघा आणि मूठ यांत किमान चार बोटं जागा हवी. नसेल तर कमी वळण असलेलं हँडल घ्या.

उंचीसाठी लांब दांड्याचा स्टेम मिळतो. निट्टोच्या टेक्नॉमिकचा दांडा २२५ मि.मी. लांब असतो, जुन्या रोड स्टेमपेक्षा कितीतरी जास्त. कितीही लांब असला तरी दांड्यावरची किमान खोलीची खूण हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या छर्‍यांच्या जोडाच्या) आत गेलीच पाहिजे. त्यामागचं कारण दुहेरी आहे. एक तर दांडा मोडण्याचा धोका. दुसरं म्हणजे फोर्कच्या नळीचा वरचा भाग आट्यांमुळे पातळ झालेला असतो. पाचर त्या आट्यांच्या पातळीवर फुलली तर नळी तिथे फुगते किंवा चिरते. पाचर आट्यांच्या खाली बसायला हवी. दांड्याला आणि पाचरीला ग्रीस लावल्याशिवाय स्टेम बसवू नका.

हँडलचा मधला जाड भाग आणि स्टेमचा क्लॅम्प यांचं माप जुळतंय का पाहा. नॉर्थ रोडसारखी हँडल बहुतेक २५.४ मि.मी.ची असतात. इटालियन धाटणीचे रोड स्टेम २६.० चे, जुने सिनेली २६.४ चे. २६.० च्या स्टेममध्ये २५.४ चं हँडल नुसतं आवळून बसवलं तर खड्ड्यात आदळताच ते पुढे फिरतं. पितळेच्या पत्र्याची ०.३ मि.मी. जाड पट्टी मध्ये गुंडाळली तर फट भरते, २६.४ ला ०.५ ची लागेल. जुना स्टेम समोरून उघडत नाही, हँडल एका टोकाकडून ओवावं लागतं आणि वळणापाशी ते अडतं. क्लॅम्पच्या एका कानाला आटे असतील, तर बोल्ट उलट बाजूने त्या कानात फिरवा आणि फटीत एक नाणं उभं ठेवा. बोल्टचं टोक नाण्यावर दाबलं गेलं की क्लॅम्प मि.मी.भर उघडतो आणि हँडल न खरचटता आत सरकतं. तेवढंच उघडा, जास्त ताणलंत तर अ‍ॅल्युमिनियमला चीर जाते.

पुढचा घोळ ब्रेकच्या लिव्हरचा. रोड हँडलची नळी २३.८ मि.मी. आणि मुठींच्या हँडलची २२.२, म्हणून जुने लिव्हर नव्या हँडलवर बसत नाहीत. नवे घेताना ते कॅलिपर ब्रेकसाठीचेच (रोड सायकलवरच्या चिमट्यासारख्या ब्रेकसाठीचेच) घ्या. व्ही-ब्रेकचा (माउंटन सायकलींवरच्या लांब बाहूंच्या ब्रेकचा) लिव्हर जवळपास दुप्पट वायर ओढतो. कॅलिपरला तो जोडला तर रबर लगेच रिमला टेकतं, लिव्हर हाताला छान कडक लागतो आणि माणूस समजतो की ब्रेक जोरदार आहे. प्रत्यक्षात दाब निम्म्यावर येतो. ही चूक नजरेला दिसत नाही, उतारावरच कळते. म्हणून पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

इनर (आतली वायर) आणि आउटर (बाहेरचं आवरण) दोन्ही नवी घ्या, जुन्या वायरला जोड देऊन भागवू नका. हँडल वर गेल्यामुळे जुनी लांबी पुरणारच नाही. रोड लिव्हरच्या वायरचं टोक लंबगोल, थेंबाच्या आकाराचं असतं आणि मुठीच्या लिव्हरचं छोट्या आडव्या नळकांड्यासारखं; काही वायरींना दोन टोकांना दोन्ही प्रकार असतात, त्यातलं नको असलेलं कापायचं. ब्रेकचं आउटर ५ मि.मी. जाड, आत गोल गुंडाळलेली पोलादी पट्टी असलेलं. गिअरच्या आउटरमध्ये उभ्या तारा असतात, त्या ब्रेकच्या ताणाखाली फाकून आउटर फुटतं. ते ब्रेकला कधीही वापरू नका. आउटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतली प्लास्टिकची नळी दाभणाने उघडा, टोपी घाला. टोक तिरकं राहिलं की लिव्हर दाबताना आधी ते चेपतं आणि ब्रेक स्पंजासारखा लागतो. लांबी ठरवताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा: ताणही यायला नको आणि हेडसमोर भला मोठा लोंबता फासही नको. सगळं बसल्यावर दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने दहा-बारा वेळा दाबा. वायर कुठे सरकणार असेल ती घरातच सरकू दे.

सेंटर-पुल ब्रेक (मधोमध वरून ओढले जाणारे) असतील तर पुढच्या वायरचं आउटर हेडसेटच्या नटाखाली अडकवलेल्या पट्टीत थांबतं. काही जुन्या स्टेममधून वायर थेट आरपार जाते. असा स्टेम बदलला तर ती पट्टी वेगळी आणावी लागेल. शिवाय या ब्रेकमध्ये मुख्य वायर तुटली तर दोन बाहूंमधली आडवी वायर टायरवर पडून चाक जागच्या जागी अडकवू शकते. मडगार्ड किंवा ब्रेकच्या बोल्टवरची रिफ्लेक्टरची पट्टी तिला अडवते. ती पट्टी कुरूप दिसते म्हणून काढून टाकतात. मडगार्ड नसेल तर ती राहू द्या.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर रिमबद्दल स्पष्ट सांगतो. क्रोम केलेल्या पोलादी रिमवर साधं रबर ओलं झालं की जवळजवळ धरतच नाही. चाकाला चुंबक लावून पाहा. चिकटला तर रिम पोलादी आहे, आणि या सगळ्या कामात एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर करा. सीट आणि हँडल नंतरही बदलता येतील. तोवर पोलादी रिमसाठीच बनलेले, कातडी पट्टीचे ब्रेक शू लावा, आणि रिम बदलल्यावर ते काढून टाका, कारण अ‍ॅल्युमिनियमला ते योग्य नाहीत.

चाकं बदलायचीच तर २७ इंची सोडून ७०० सी वर जावं. २७ इंची टायरची बैठक ६३० मि.मी. व्यासाची, ७०० सी ची ६२२. व्यासात ८ म्हणजे त्रिज्येत ४ मि.मी. फरक. ब्रेक शू ४ मि.मी. खाली उतरवावे लागतील. जुन्या कॅलिपरच्या खाचेत शू वर असेल तर ते सहज जमतं; आधीच तळाशी असेल तर लांब बाहूंचा ब्रेक घ्यावा लागेल. मोजायचं ते ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून रिमच्या घासणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंत, आणि तेही नवं चाक लावूनच. फायदा टायरमध्ये मिळतो: २७ × १ १/४ म्हणजे ३२ मि.मी.चा टायर जितकी उंची घेतो, तितक्याच उंचीत ७०० × ३५ बसतो. रुंदी मात्र फोर्कमध्ये आणि मागच्या दोन दांड्यांमध्ये तपासा, दोन्ही बाजूंना ४-५ मि.मी. मोकळे हवेत. मडगार्ड लावणार असाल तर बहुतेक रोड फ्रेममध्ये ३२ वर थांबावं लागतं. मडगार्डसकट पाय ठेवून हँडल वळवून बघा. लहान फ्रेममध्ये बुटाचं टोक मडगार्डला लागतं.

जुने २७ इंची रिमच ठेवणार असाल तर त्यांची कड आतून पाहा. सरळ भिंतीच्या, आत हुकासारखं वळण नसलेल्या कडेवर जास्त हवा भरली तर टायर कडेवरून निसटतो. अशा रिमवर टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत जाऊच नका.

मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर पाच गिअरच्या सायकलीत १२० मि.मी. असतं, सहा-सात गिअरच्यात १२६. १२६ चं चाक १२० च्या पोलादी फ्रेममध्ये रोज ताणून घालण्यापेक्षा फ्रेम एकदाच रुंद करावी. लांब मजबूत फळी मागच्या त्रिकोणातून घालून सीटच्या नळीवर टेकवा (मध्ये जाड कापड हवंच) आणि एका वेळी एकच बाजू बाहेर ओढा. पोलाद स्प्रिंगसारखं परत येतं, म्हणून ३ मि.मी. हवेत तर त्याहून बरंच जास्त ओढावं लागतं. थोडं ओढा, मोजा, पुन्हा ओढा. दर वेळी सुतळी लावून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, ते पाहा. आटेवाल्या सळईवर दोन नट फिरवून दोन्ही बाजू एकदम फाकवायची युक्ती टाळा. जी बाजू कमजोर ती जास्त वाकते आणि फ्रेम तिरकी होते. शेवटी दोन्ही ड्रॉपआउट एकमेकांना समांतर करून घ्या, नाहीतर मागचा अ‍ॅक्सल मोडतो. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवा छर्‍यांचा कप बराच आत असतो, अ‍ॅक्सलचं टोक बाहेर लोंबतं, आणि ताठ बैठकीत मागे वजनही वाढलेलं असतं. जुना अ‍ॅक्सल काढून सपाट काचेवर लोळवा. लचकत असेल तर बदला.

गिअरबाबत जुन्या सायकली ताठ बसणाऱ्यासाठी फार जड असतात. पुढे ५२/४२ आणि मागे १४ ते २८ असेल, तर २७ इंची चाकावर सर्वांत जड गिअर १०० इंचांचा (चाकाचा व्यास × पुढचे दाते ÷ मागचे दाते) येतो आणि हलका ४० चा. वाऱ्याला छाती देऊन बसल्यावर १०० इंचांचा गिअर कधी वापरातच येत नाही. पुढे एकच ४० दात्यांचं चक्र ठेवलं तर मागच्या त्याच फ्रीव्हीलवर ३९ ते ७७ इंच मिळतात. गावात फिरायला एवढं पुष्कळ. मागे ३४ दात्यांपर्यंतचं फ्रीव्हील घेतलं तर चढ आणखी सोपा, पण जुना आखूड पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) २६-२८ च्या पुढे जात नाही, लांब पिंजऱ्याचा लागतो. पुढची चक्रं रिव्हेटने जोडलेली असतील तर वेगळी होत नाहीत. तेव्हा चेन लहान चक्रावरच ठेवा आणि पुढचा डिरेलर स्क्रूने जागेवर बांधून टाका. एकच चक्र ठेवल्यावरही तो डिरेलर काढू नका, खड्ड्यात चेन उतरू नये म्हणून तो राखण करतो.

खटके खालच्या नळीवर ठेवणं ताठ बैठकीत धोक्याचं. प्रत्येक गिअरसाठी एक हात सोडून पुरतं वाकावं लागतं. हँडलवर अंगठ्याने चालणारा घर्षणाचा, म्हणजे खटखट टप्पे नसलेला खटका लावा. त्याला कोणत्याही कंपनीचं फ्रीव्हील आणि डिरेलर चालतं, हे जुन्या सायकलीत फार मोलाचं. आउटर थांबवायला खालच्या नळीवर २८.६ मि.मी.चा पट्टीवाला स्टॉप लागेल. तो आणायला विसरतात आणि काम अडून बसतं.

डिरेलरच नको असेल तर तीन गिअरचा हब चांगला पर्याय आहे. स्टर्मी-आर्चरचा ए.डब्ल्यू. १९३६ पासूनचा, त्याचे गिअर ७५, १०० आणि १३३ टक्के. पुढे ४४ आणि मागे २० दाते ठेवले तर सुमारे ४५, ५९ आणि ७९ इंच मिळतात. चेन ताणायला आडवे ड्रॉपआउट हवेत आणि जुन्या रोड फ्रेममध्ये ते असतातच. अ‍ॅक्सल फिरू नये म्हणून दाते असलेले खास वॉशर दोन्हीकडे लावा, ते वगळले तर गिअर आपोआप घसरतो.

छर्‍यांचं काम नेहमीचंच आहे, फार लिहीत नाही. बॉटम ब्रॅकेटमध्ये १/४ इंची छर्रे, दर बाजूला ११. मागच्या हबमध्ये १/४ इंची ९. पुढच्या हबमध्ये बहुधा ३/१६ इंची १०. पिंजऱ्यातले छर्रे असतील तर सुटे भरा. सगळे नवे घ्या, जुन्यांत नवे मिसळू नका. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूवर) खड्डे पडले असतील तर कोनही बदला.

कॉटर पिनचे (पाचरीसारख्या पिनेने धुरीला अडकवलेले) क्रँक असतील तर एक गोष्ट नक्की पाळा: पिन नट आवळून आत ओढायची नसते. आधी क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचणारा मजबूत आधार ठेवून पिन ठोकून बसवा, नट फक्त ती निसटू नये म्हणून. आधार नसला तर ठोक्याचा मार छर्‍यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. नटाने ओढली तर पिन थोड्याच दिवसांत ढिली होते, क्रँक दर फेऱ्याला 'टक' आवाज करतो आणि पिनची सपाट बाजू चेपली जाते. दोन पिना परस्परविरुद्ध दिशांनी बसतात, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत.

स्टँड लावताना मधला, मागच्या दांड्यांना आवळून धरणारा स्टँड घेऊ नका. रोड फ्रेमच्या पातळ नळ्या त्याने चेपतात. मागच्या चाकाजवळ वरच्या-खालच्या दोन्ही दांड्यांना धरणारा चालतो. सामान मागच्या कॅरिअरवर ठेवा, पण वजन आधीच मागे आहे हे लक्षात असू द्या. पुढे हलकी टोपली लावायची तर ती हँडलवर न टांगता फोर्कवर टेकलेली असावी.

सगळं जोडल्यावर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहा. साध्या जोराने ते फिरता कामा नये, पूर्ण ताकद लावली तर जेमतेम सरकावं. मग मागचं चाक वजनकाट्यावर आणि पुढचं तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून, कोणाला तरी तोल सांभाळायला सांगून बसा. नंतर चाकांची अदलाबदल करून पुढचं वजन घ्या. पुढच्या चाकावर एकूण वजनाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भरलं तर हँडल थोडं खाली किंवा पुढे न्यायला हवं. हवाही त्याच हिशेबाने: ३२ च्या टायरमध्ये मध्यम वजनाच्या माणसासाठी मागे साठ-पासष्ट पी.एस.आय., पुढे पन्नासच्या आसपास.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर अंगच सांगतं काय कमी-जास्त आहे. मनगटं दुखली तर सीटचं नाक खाली गेलंय किंवा मुठींचा कोन चुकलाय. मुठींची टोकं जमिनीकडे दहा-पंधरा अंश झुकवून बघा. माकडहाडाला धक्के बसत असतील तर बैठक फार ताठ झाली आहे, स्टेम एक से.मी. खाली घ्या आणि मागची हवा थोडी कमी करा. मानेत कळ येत असेल तर हँडल अजून खालीच आहे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट अर्धा से.मी. वर करा, मागे दुखलं तर तेवढीच खाली. एका वेळी एकच बदल करून दोन-तीन दिवस चालवा आणि प्रत्येक बदलाआधीच्या जागी चिकटपट्टीची खूण ठेवा. याच दिवसांत नव्या वायरी ढिल्या पडतात, स्पोक बसतात आणि क्रँकचे बोल्ट किंवा कॉटरचे नट थोडे सैल होतात. ते सगळं एकदा आवळून, चाकांचा आऊट काढून घ्या.